रुमालातले दप्तर आणि खिशातले दप्तर

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने अवघ्या काही तासांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या, कौले आणि पत्रे उडवले, आणि उघड्या पडलेल्या घरांत पावसाचे पाणी शिरले. विजेचे खांब मोडले. कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. दिवस टाळेबंदीचे होते. मुंबईतल्या चाकरमान्यांना गावाकडे धाव घेणे कठीण होते, आणि मनोरे बंद पडल्यामुळे घरच्यांचा आवाजही ऐकू येत नव्हता. पुढे पंचनामे झाले. झाडे मोजली गेली, पडलेल्या भिंती मोजल्या गेल्या. पण अशा आपत्तीत घरातून आणखी एक गोष्ट जाते, आणि तिच्यासाठी पंचनाम्यात रकाना नसतो. माळ्यावरच्या ट्रंकेतील छायाचित्रे, लग्नाची चित्रफीत, आखातातून आलेल्या ध्वनिफिती, आणि अलीकडच्या पंधरावीस वर्षांत ज्या पेटीत सारे काही कोंबले गेले ती संगणकाची पेटी, हे सारे एकाच पाण्यात भिजते.

यातही एक विचित्र न्याय आहे. भिजलेला कागद हलक्या हाताने सोडवून सावलीत वाळवला, तर डाग पडतो, पण मजकूर पुष्कळदा वाचतो. भिजलेली हार्ड डिस्क मात्र एखाद्या शहरातील जाणकाराकडे न्यावी लागते. तो काय परत मिळवील याची खात्री नसते, आणि त्याचा आकार सामान्य शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या खिशाला पेलणारा नसतो. जे जुने म्हणून दुर्लक्षित होते ते तगते आणि जे आधुनिक म्हणून विश्वासाचे वाटले ते प्रथम जाते, असा हा प्रकार आहे.

वास्तविक टिकाऊपणाविषयी श्रीवर्धनच्या परिसराला कोणी शिकवावे असे नाही. याच तालुक्यातील दिवेआगर येथे शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, मराठी ताम्रपट मिळाला. मराठी भाषेच्या आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते. उत्तरेला अलिबागजवळच्या आक्षी गावी त्याहूनही जुना मानला जाणारा शिलालेख आहे. साडेनऊशे-हजार वर्षे पावसात, खाऱ्या वाऱ्यात आणि माणसांच्या अनास्थेत हे लेख टिकून राहिले. तेव्हा दगडावर किंवा तांब्यावर कोरावे आणि निश्चिंत व्हावे, असा निष्कर्ष कोणी काढील. पण तो घाईचा ठरेल. आक्षीचा दगड बराच काळ रस्त्याच्या कडेला उपेक्षित पडून होता, आणि त्यावरील शकाचे अंक कसे वाचावेत यावर विद्वानांत मतभेद झाले. वस्तू टिकली, वाचन अडखळले. शिवाय दगडाच्या मापाने पाहिले तर त्या काळच्या लाखो माणसांपैकी कोणाच्या घरातले काय शिल्लक राहिले? राजाचे दान राहिले, भूमीचा व्यवहार राहिला. एखाद्या आईने परगावच्या मुलाला पाठवलेला निरोप राहिला नाही.

कागदाचा इतिहास अधिक बोधप्रद आहे, आणि त्याचाही धागा श्रीवर्धनातूनच निघतो. येथील देशमुखी ज्या भट घराण्याकडे होती त्यातील बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या जाचामुळे गाव सोडून देशावर गेले आणि १७१३ मध्ये शाहू छत्रपतींचे पेशवे झाले. त्यांच्या वंशजांच्या कारभारात जो कागद निर्माण झाला तो आज पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमालांत बांधलेला आहे. हा कागद टिकला कसा? तो हातकागद होता आणि शाई काजळीची होती, हे एक कारण खरे. काजळीचा काळेपणा प्रकाशाने सहसा विटत नाही. पण तेवढ्यावर कागद टिकत नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर ते दप्तर इंग्रजांच्या हाती गेले, आणि त्यांना ते जपावे लागले, कारण इनामे, वतने आणि जमिनीचे हक्क यांचे निवाडे त्याच्या आधाराने करायचे होते. दप्तराला उपयोग होता, उपयोगामुळे त्याला रखवालदार होता, आणि रखवालदारामुळे त्याला पुढे १८९१ मध्ये स्वतंत्र इमारतही मिळाली. १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापून घेतले. त्या दिवसापासून ते निवडक कागद एका इमारतीतील अग्नीच्या किंवा वाळवीच्या दयेवर राहिले नाहीत. त्यांच्या प्रती गावोगावच्या ग्रंथालयांत पसरल्या.

ज्या कागदांना असा रखवालदार मिळाला नाही, त्यांचे काय झाले तेही महाराष्ट्राला ठाऊक आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि पुढची अनेक वर्षे ते जुन्या घराण्यांचे माळे आणि कोठारे धुंडाळत फिरले. कोठे कागद वाण्याच्या पुड्यांसाठी गेले होते, कोठे नदीत सोडले होते, कोठे उंदरांनी आणि कसरीने निकाल लावला होता. हे करणारी माणसे दुष्ट नव्हती. घरातले मोडी वाचणारे शेवटचे माणूस गेले, आणि मागे राहिलेल्यांच्या दृष्टीने ती केवळ मळकी बाडे उरली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकवली जात असे. ती बंद पडल्यावर दोन पिढ्यांत आजोबांचे अक्षर नातवाला परके झाले. कागदाला काही झाले नव्हते. वाचणारा हरपला होता.

संगणकाच्या बाबतीत नेमकी हीच गोष्ट दोन पिढ्यांऐवजी पंधरा वर्षांत घडते. मराठी लिहिणाऱ्यांना याचा अनुभव इतरांपेक्षा अधिक कडवट आहे. नव्वदच्या दशकात ज्यांनी संगणकावर मराठी टंकलेखन सुरू केले, त्यांनी श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा निरनिराळ्या फाँटांचा आश्रय घेतला. या व्यवस्थेत संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजी अक्षरांचाच असे. त्या त्या जागी देवनागरी आकृती दाखवण्याचे काम फाँट करी. एका फाँटातला 'क' दुसऱ्या फाँटात भलत्याच चिन्हाच्या जागी बसलेला. देवनागरीला प्रत्येक अक्षराचा एकच जागतिक क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धती १९९१ मध्येच आली होती, पण आपल्याकडे ती रुळायला पुढची पंधरा-वीस वर्षे गेली. परिणामी, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, एखाद्या प्राध्यापकाचा प्रबंध, पतपेढीचे अहवाल, कोणाचे आत्मचरित्र, असे कितीतरी लेखन आज उघडले तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग उमटते. फाइल धडधाकट आहे. तिच्यातला एकही अंक हललेला नाही. ती आता मोडीत आहे, एवढेच. सुदैवाने असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने उपलब्ध आहेत. परंतु मूळ फाँट कोणता होता हे सांगणारे माणूस हयात असेपर्यंतच ते काम सोपे आहे.

हा दोष केवळ आपल्या गरिबीचा किंवा गलथानपणाचा नव्हे. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाज्ञेने झालेल्या जमीनमोजणीचे 'डूम्सडे बुक' हे चर्मपत्रावरील हस्तलिखित आहे. त्याला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नव्या डूम्सडेचा मोठा प्रकल्प हाती घेतला. शाळकरी मुलांसह दहा लाखांहून अधिक लोकांनी आपापल्या गावाची माहिती आणि चित्रे त्यासाठी दिली, आणि ती सारी त्या काळी अत्याधुनिक असलेल्या लेसर तबकड्यांवर साठवली गेली. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रेच दुर्मीळ झाली. मूळ हस्तलिखित मात्र वाचता येत होते. पुढे २००२ च्या सुमारास संशोधकांनी जुन्या यंत्राची नक्कल करणारी प्रणाली रचून ते साहित्य सोडवले. पण त्यामागे विद्यापीठे होती, निधी होता. श्रीवर्धनच्या एखाद्या घरातील लग्नाच्या चित्रफितीमागे कोण उभे राहणार? ती फीत लावण्याचे यंत्र, म्हणजे व्हीसीआर, बनवणारी जपानची फुनाई ही शेवटची कंपनी होती, आणि तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. ज्यांच्या कपाटात अशा फिती किंवा ध्वनिफिती आहेत, त्यांनी त्या उतरवून घेण्याचे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. कोकणातून आखातात गेलेल्या कितीतरी माणसांनी एके काळी पत्राऐवजी ध्वनिफिती पाठवल्या. त्यांत आज नसलेल्या माणसांचे आवाज आहेत, आणि फितीवरचा चुंबकीय थर दमट हवेत बुरशीने व काळाने सुटत चालला आहे.

हार्ड डिस्क, सीडी, पेन ड्राइव्ह यांच्याविषयी भ्रम फार आहेत, म्हणून त्यांचे स्वभाव थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी आणि तिच्यावर केसाहूनही कमी अंतरावर तरंगणारी सुई असते. ती एका धक्क्याने निकामी होऊ शकते, आणि धक्का न बसताही पाच-सात वर्षांनंतर तिच्यावर भिस्त ठेवणे धाडसाचे असते. घरी लिहिलेल्या सीडीत मजकूर रंगद्रव्याच्या थरावर उमटतो. तो थर ऊन, उष्मा आणि दमटपणा यांनी विरतो. पेन ड्राइव्हमध्ये व मेमरी कार्डात मजकूर विद्युतभाराच्या रूपात असतो, आणि वर्षानुवर्षे खणात पडून राहिल्यास तो भार हळूहळू झिरपून जातो. त्यातून किनाऱ्यावरची हवा खारी. धातूच्या जोडांना गंज लवकर धरतो. तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या घालून हे साहित्य ठेवावे हे योग्यच, पण डबा कितीही घट्ट असला तरी आतील वस्तू ताम्रपट नव्हे. तिच्यावर मजकूर मुक्कामाला असतो, वस्तीला नसतो.

मग सारे 'क्लाउड'वर टाकावे, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. क्लाउड म्हणजे आकाशातला ढग नव्हे, दुसऱ्याच्या मालकीचे संगणक. आणि घर उद्ध्वस्त झाले तरी ते दूर सुरक्षित असतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. ३ जूनच्या वादळाने त्यांचे काही बिघडले नसते. पण मालक दुसरा आहे, हेही विसरू नये. ऑर्कुट या संकेतस्थळावर एके काळी भारतातील तरुणांच्या मैत्रीचे केवढे भांडार होते. गूगलने ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद केले. छायाचित्रांसाठी अमर्याद फुकट जागा देणारी गूगलची सवलत १ जून २०२१ पासून संपली. दोन वर्षे न वापरलेली खाती पुसून टाकण्याचे धोरण त्याच कंपनीने २०२३ मध्ये जाहीर केले. यात फसवणूक नाही, व्यापार आहे. मात्र ज्या वडिलांच्या खात्यात कुटुंबाची वीस वर्षांची छायाचित्रे आहेत, ते वारल्यावर ते खाते कोणी उघडतच नाही, पासवर्ड कोणाला ठाऊक नसतो, आणि एक दिवस खात्याबरोबर सगळेच जाते. हे टाळण्यासाठी खातेदाराने आपल्या पश्चात कोणाला प्रवेश द्यावा हे आधीच नोंदवण्याची सोय गूगलने २०१३ पासून आणि ॲपलने २०२१ पासून दिली आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जावर नामनिर्देशन करायला न विसरणारे किती लोक ही नोंद करतात?

आणखी एक गैरसमज कचेरीत काम करणाऱ्यांत विशेष दिसतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या डिजिलॉकरमुळे गुणपत्रिका, वाहनाचा परवाना असे दाखले हरवण्याची भीती पुष्कळ कमी झाली, ही मोठीच सोय आहे. पण तेथे मिळणारा दाखला मुळात तो देणाऱ्या संस्थेच्या दफ्तरात असतो. म्हणून तो पुन्हा मिळतो. आजीच्या हातची पाककृतींची वही, वाडीच्या बांधावर उभ्या असलेल्या कुटुंबाचे चित्र, भजनी मंडळाची ध्वनिमुद्रिते यांचे मूळ दुसऱ्या कोणत्याही दफ्तरात नाही. सरकार आपले कागद सांभाळील. घरचे कागद घरानेच सांभाळायचे आहेत.

ते कसे, याचे उत्तर जुन्या पोथी-लेखकांना ठाऊक होते. पोथीच्या अखेरीस ते वाचकाला विनवीत की हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. परंतु ते केवळ विनवणीवर थांबले नाहीत. त्यांनी नकला केल्या. अमुक एक पोथी अजरामर होती म्हणून ग्रंथ टिकला असे नाही. एक जीर्ण होण्याआधी दुसरी लिहिली गेली आणि ती दुसऱ्या गावी गेली, म्हणून टिकला. आजचे तज्ज्ञ हाच नियम तीन-दोन-एक या आकड्यांत सांगतात. प्रती तीन असाव्यात, त्या निदान दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक घरापासून दूर असावी. श्रीवर्धनच्या कुटुंबाला हे अवघड नाही. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, आणि एक मुंबई-पुण्यातील किंवा परदेशातील मुलाकडे. कोकणातली बहुतेक घरे अशी विखुरलेलीच आहेत. या एका कामापुरता तो विखुरलेपणा उपयोगी पडावा. शेजारच्या घरात ठेवलेली प्रत मात्र दूरची नव्हे. जुलै २०२१ च्या पुराने महाड आणि चिपळूण येथे एकाच दिवशी आळीच्या आळी पाण्याखाली घातल्या. चिपळूणच्या १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरले.

प्रती केल्या की काम संपले, असे मात्र नाही. त्या वर्षातून एकदा उघडून पाहाव्या लागतात. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पुस्तकांची पूजा करण्याची रीत आहे. त्या दिवशी घरातील मुलाने डिस्क जोडून दहा-वीस फाइली उघडून पाहिल्या, तर पूजेला बाध येणार नाही. उघडत नसेल ती दुसऱ्या प्रतीवरून नव्याने करावी, आणि दर पाच वर्षांनी सगळे नव्या डिस्कवर हलवावे. काही हजार रुपयांचे हे काम आहे. छायाचित्रे जेपेगसारख्या, लेख युनिकोडमध्ये किंवा पीडीएफसारख्या सर्वत्र चालणाऱ्या प्रकारात ठेवावेत. एकाच कंपनीच्या प्रणालीत उघडणारा प्रकार म्हणजे उद्याची मोडी. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेले छायाचित्र ही मूळ प्रत समजू नये. वाटेत ते लहान केले जाते आणि ते केव्हा काढले याची आतली नोंदही पुसली जाते. मूळ हवे असेल तर ते दस्तऐवज म्हणून पाठवायला सांगावे.

या सर्वांहून कष्टाचे काम निवडीचे आहे, आणि तेच कोणी करत नाही. जुन्या कॅमेऱ्याच्या रिळात छत्तीस चित्रे मावत. म्हणून प्रत्येकाआधी विचार होई, आणि अल्बममधल्या फोटोखाली काकांनी गावाचे नाव व साल लिहिलेले असे. आज एका गणेशोत्सवात त्याच मखराची चारशे चित्रे निघतात. त्यांतली दहा ठेवून बाकीची टाकण्याचे धैर्य हवे, कारण वीस हजार चित्रांचा ढीग वारसदाराच्या दृष्टीने माळ्यावरच्या बाडांहून निराळा नसतो. ठेवलेल्या दहांच्या फाइलींना साल, गाव आणि माणसांची नावे द्यावीत. नाव नसलेले छायाचित्र तीस वर्षांनी कोणाचेच नसते. आणि ही नावे सांगू शकणारी सत्तरी-ऐंशीची माणसे घरोघरी आज आहेत. त्यांच्यासमोर फोन धरून दोन संध्याकाळ बसले तर ती मिळतील. शिवाय काय कोठे ठेवले आहे आणि कोणत्या पासवर्डने उघडते, हे बँकेच्या कागदांबरोबरच्या एका साध्या वहीत, शाईने लिहिलेले असावे. या क्षेत्रातले सर्वांत विश्वासू साधन अखेर कागदाची वही निघावी, याची गंमत पोथीच्या लेखकाला वाटली असती.

'निसर्ग'नंतर श्रीवर्धनच्या वाड्यांतून पोफळीची रोपे पुन्हा लावली गेली. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षे घेते. या रोपांची पहिली सुपारी पाहणाऱ्या मुलांना आधीची वाडी आठवणार नाही. ती कशी होती, विहिरीपासून पाट कोठून जात होता, कोणत्या रांगेत कोणती झाडे उभी होती, हे सांगणारी छायाचित्रे आहेत. ती २०२० पूर्वीच्या कोणत्या तरी फोनमध्ये आहेत. तो फोन केव्हाच बदलला गेला; जुना फुगलेल्या बॅटरीसह कपाटाच्या खणात पडून आहे, आणि त्याचा चार्जर सापडत नाही.